नामदार गोखले

पाठ्यपुस्तकातले गोखले म्हणजे पगडी, उपरणे आणि गांधीजींचे राजकीय गुरू, एवढेच. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण माणूस ओळखायचा तर 1897 सालाकडे वळले पाहिजे.

9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवून त्यांना शिकविले. 1884 साली पदवी घेऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. टिळक-आगरकरांच्या वादात ते आगरकरांकडे राहिले.

1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते लंडनला गेले. इकडे पुण्यात प्लेग आणि घरोघर गोऱ्या सोजिरांच्या झडत्या. सोजिरांनी स्त्रियांची अब्रू घेतल्याचे मित्रांच्या पत्रांतून कळले आणि गोखल्यांनी ते विलायती पत्रातून जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. परत येऊन पाहतात तो पुरावा द्यायला कोणीच पुढे येईना. टिळक अटकेत, शहर खवळलेले. अशा वेळी गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र अखेरपर्यंत सांगितली नाहीत. भित्रेपणाचा शिक्का एकट्याच्या कपाळी घेतला. प्लेगच्या बंदोबस्तातला जुलूम काही खोटा नव्हता, म्हणून ती माफी गरजेपेक्षा सढळ होती असे मला वाटते. पण सिद्ध न होणारा आरोप आपल्या बाजूच्या सोयीचा आहे म्हणून तसाच चालू द्यायचा, हे त्यांना जमले नाही. आपल्यापैकी किती जणांना जमते, ते गॅदरिंगच्या निवडणुकीत दिसतेच!

1905 साली त्यांनी भारत सेवक समाज काढला. सभासदाला ज्या शपथा घ्याव्या लागत, त्यांत कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही अशी एक होती. तिची कसोटी 1907 च्या डिसेंबरात सुरतेला लागली. जहाल-मवाळ हातघाईवर आले, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या. टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे. माणसे त्यांच्या अंगावर धावली. तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांच्या आड उभे राहिले ते गोखलेच.

1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले. ते पडणार हे त्यांना ठाऊक होते. तरी आकडेवारी जमवून, एकेका आक्षेपाला उत्तर देत त्यांनी ते वर्षभर लढविले. मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी ते फेटाळले गेले. विरोधात सरकारी सभासदांबरोबर आपलेच काही जमीनदारही होते.

मधुमेहाने शरीर पोखरले होते. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या 48 व्या वर्षी ते गेले. टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. बातमी कळताच ते गड उतरून पुण्यास आले आणि स्मशानात आपल्या जन्माच्या प्रतिस्पर्ध्याविषयी बोलायला उभे राहिले.