कोसबाडच्या टेकडीवरील करुणा : कै. पद्मश्री अनुताई वाघ

पालघर, बोईसर व तारापूर परिसरात देवदर्शनासाठी येणारे अनेक भाविक पुढे डहाणूस श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनाला जातात. त्याच डहाणू तालुक्यात बोर्डी व कोसबाड ही गावे आहेत. तेथे घडलेल्या एका थोर सेवाकार्याची ओळख भाविकांना व्हावी, म्हणून हे अल्पचरित्र येथे देत आहोत.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यात, श्रीमयूरेश्वराच्या मोरगाव क्षेत्री झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तेथेच संपल्यासारखे मानले जाई. अनुताईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली. १९२९ साली त्या प्रशिक्षित शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले.

१९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. स्थिर नोकरीचा मोह सोडून अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली बांधवांच्या वस्तीत गेले.

शाळा उघडली तरी मुले येईनात. कोणाला गुरे राखावी लागत, तर कोणाला धाकटे भावंड सांभाळावे लागे. पोटाची विवंचना असलेल्या आईबापांना दोष न देता या दोघींनी शाळेचेच रूप बदलले. पाड्यावरील अंगणात बालवाडी भरू लागली. गुराख्यांसाठी कुरणात शाळा निघाली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आल्याने कडेवरच्या भावंडालाही जागा मिळाली. मुलांना आंघोळ घालण्यापासून शिक्षणाचा प्रारंभ होई. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने व बिया हाती येत. शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलापर्यंत शाळाच चालत गेली, हे या कार्याचे मर्म होय.

१९७५ साली केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर घरोघरी पोहोचला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे ती कल्पना या भूमीत रुजली होती.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. त्यानंतरही अनुताईंनी हे व्रत अखंड चालविले. १९८४ साली त्यांना पद्मश्री सन्मान लाभला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

स्वतःच्या दुःखाचे भांडवल न करता त्यांनी ते इतरांच्या दुःखाशी जोडले. दात्याने दान देताना घेणाऱ्याची अडचण आधी जाणून घ्यावी, त्याच्या दारापर्यंत जावे आणि त्याचा मान राखावा, हीच शिकवण त्यांच्या जीवनातून मिळते. भाविकांनी देवदर्शनाबरोबर ही शिदोरीही घरी न्यावी, ही नम्र विनंती.