विश्लेषण : स्टेरॉइडची भीती आली कुठून? कॉर्टिझोनचे डॉक्टर फिलिप हेंच यांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : दम्याचा पंप किंवा ॲलर्जीसाठी नाकातला स्प्रे लिहून दिला की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, यात स्टेरॉइड आहे का? उत्तर हो आले की अनेक जण आठवडाभर औषध घेतात आणि श्वास मोकळा झाला की पंप कपाटात ठेवून देतात. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण घाटी रुग्णालयात दाखल झाले, ते या शहराने पाहिले आहे. अनियंत्रित मधुमेह आणि मोठ्या मात्रेत घेतलेली स्टेरॉइडची गोळ्या-इंजेक्शने ही त्या आजारामागची मोठी कारणे होती. मग नाकात रोज स्टेरॉइड मारायचे कसे, असे वाटणे साहजिक आहे.

ही भीती निराधार नाही. ती या औषधाइतकीच जुनी आहे. फक्त ती नेमकी कोणत्या मात्रेची आणि कोणत्या मार्गाने घेतलेल्या औषधाची, हे समजायला हवे. त्यासाठी डॉ. फिलिप हेंच यांचे आयुष्य पाहणे उपयोगी पडते.

कावीळ झाली आणि सांधे मोकळे झाले

हेंच यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गचा. जन्मतः टाळू दुभंगलेली असल्याने त्यांचे बोलणे समजायला अवघड जाई. तरीही सभेत बोलायला ते कधी बिचकले नाहीत. १९२० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये आले आणि १९२६ मध्ये तिथल्या सांधेरोग विभागाचे प्रमुख झाले. आमवात जडलेल्या माणसाला तेव्हा फारसे काही देता येत नसे. बोटे वाकडी होत, गुडघे आखडत आणि तरुण माणसे खाटेला खिळत.

१९२९ मध्ये त्यांच्याकडे आमवाताचा एक रुग्ण आला, जो स्वतः डॉक्टर होता. कावीळ झाली आणि सांध्यांचे दुखणे एकदम कमी झाले, असे त्याने सांगितले. दुसऱ्या कुणी ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली असती. हेंच यांनी असे आणखी रुग्ण शोधले. गरोदरपणातही अनेक स्त्रियांचा आमवात ओसरतो आणि बाळंतपणानंतर परत येतो, हे त्यांच्या लक्षात आले. जो आजार आपोआप मागे हटू शकतो, तो बरा न होणारा कसा म्हणायचा? शरीरातच काहीतरी तयार होत असावे, असे त्यांनी धरले आणि त्या अज्ञात पदार्थाला एक्स हे नाव दिले. पुढची काही वर्षे त्यांनी रुग्णांना पित्तक्षार दिले, कावीळ झालेल्यांचे रक्तही देऊन पाहिले. काहीही लागू पडले नाही.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून एकेक संयुग वेगळे करत होते. त्यातले संयुग ई आमवाताच्या रुग्णाला देऊन पाहावे, असे दोघांनी १९४१ मध्ये ठरवले. पण ते पुरेसे मिळणार कुठून? मध्ये महायुद्ध आले, हेंच लष्करी सेवेत गेले. पुढे मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तापासून ते तयार करण्याची लांबलचक वाट शोधली.

२१ सप्टेंबर १९४८

या दिवशी २९ वर्षांच्या एका महिलेला पहिले इंजेक्शन दिले गेले. तिला अंथरुणातून उठणेही कठीण होते आणि बरे वाटल्याशिवाय रुग्णालय सोडायला ती तयार नव्हती. मात्रा होती रोज १०० मिलिग्रॅम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांध्यांचा ताठरपणा सुटू लागला आणि आठवडाभरात ती चक्क बाजारात खरेदीला गेली. पुढच्या वर्षी हेंच यांनी उपचारापूर्वीच्या आणि नंतरच्या रुग्णांच्या चित्रफिती सहकाऱ्यांना दाखवल्या. संयुग ई हे नाव जीवनसत्त्व ई शी गोंधळात टाकणारे होते, म्हणून औषधाचे कॉर्टिझोन असे नामकरण झाले. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश रायखश्टाइन यांना नोबेल मिळाले. पुरस्काराच्या रकमेतला काही भाग हेंच यांनी सेंट मेरीज रुग्णालयात सांधेरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर पँटालिऑन यांना दिला.

पण याच रुग्णांमध्ये औषधाची दुसरी बाजूही दिसत होती. चेहरे चंद्रासारखे गोल झाले, वजन वाढले, नको तिथे केस आले, काहींचे मानसिक संतुलन ढळले. औषध थांबवले की दुखणे उसळून परत येई. हेंच यांनी हे झाकले नाही. कॉर्टिझोन आजार दाबते, मुळापासून बरा करत नाही, हे त्यांनी सुरुवातीपासून मांडले. वर्तमानपत्रांनी मात्र चमत्कार एवढेच उचलले. मागणी वाढली, मात्रा वाढल्या आणि पन्नासच्या दशकात स्टेरॉइड या शब्दाला जो डाग लागला तो आजही पुसलेला नाही.

हेंच १९५७ मध्ये निवृत्त झाले. पीतज्वराच्या संशोधनाचा इतिहास गोळा करणे हा त्यांचा मोठा नाद होता, शेरलॉक होम्सचेही ते भक्त होते. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात सुटीवर असताना न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ज्या पंपाबद्दल आज आपण विचारतो, तो त्यांनी पाहिला नाही.

गोळीतून पंपात

दम्यावर कॉर्टिझोन चालते हे १९५० च्या सुमारासच कळले होते. ते थेट श्वासातून देण्याचा प्रयत्न फसला, कारण कॉर्टिझोन यकृतात जाऊन बदलल्याशिवाय काम करत नाही. फुप्फुसात पोचूनही ते निष्क्रियच राहत होते. १९७२ मध्ये इंग्लंडमधील डॉ. हॅरी मॉरो ब्राउन यांनी बेक्लोमेथासोन पंपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज गोळ्या घेणाऱ्या अनेक दमेकऱ्यांच्या गोळ्या त्यामुळे सुटल्या.

फरक मात्रेचा आहे. दम्याचा जोरदार झटका आल्यावर मोठ्या माणसाला रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनची गोळी दिली जाते, म्हणजे ४० हजार मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइड पंपाच्या एका मात्रेत साधारण १०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतात, फ्लुटिकासोन नाकाच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात बहुधा ५०. प्रत्येक औषधाची ताकद वेगळी असल्याने हे आकडे एकास एक जुळत नाहीत. तरी नळीत थोडे मारणे आणि सगळ्या रक्तात भरपूर सोडणे यातले अंतर त्यावरून कळते. (व्यायामशाळेत मिळणारी स्टेरॉइड हा तर वेगळाच प्रकार, त्याचा इथे संबंध नाही.)

मग पंपाचे दुष्परिणाम कोणते?

आहेत. तोंडात पांढरी बुरशी येणे आणि आवाज बसणे हे सर्वांत जास्त दिसतात. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकले आणि फवारा असलेल्या पंपाला स्पेसर लावला तर ते बरेच टळतात. जास्त मात्रा वर्षानुवर्षे चालली तर त्वचेवर लवकर काळे-निळे डाग पडणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, काचबिंदू यांचा धोका वाढतो. धूम्रपानामुळे होणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण थोडे वाढते. मुलांची उंची सरासरी एखाद्या सेंटिमीटरने कमी राहू शकते. आईवडिलांना हे खुपते, पण आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो आणि त्याचा झटका जीवावर बेतू शकतो.

नाकाच्या स्प्रेने कोरडेपणा येतो, खपल्या धरतात, कधी रक्त येते. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारावा. त्यासाठी उजव्या नाकपुडीला डावा हात वापरणे सोपे जाते. चोंदलेले नाक दोन मिनिटांत उघडणारे थेंब स्टेरॉइड नसतात. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घेतले तर नाक उलट जास्त चोंदते. भीती बाळगायचीच तर त्यांची थोडी बाळगावी.

आणि दमा किंवा सांधेदुखीवर बिनलेबलची पुडी. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ अनेकदा सापडली आहे. पंपाला नाही म्हणणारे लोक ती महिनोन् महिने घेतात आणि एक दिवस बंद करतात. बाहेरून सतत स्टेरॉइड मिळत राहिले की ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचे काम थांबवतात. औषध अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. जास्त मात्रेचा पंप दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही हे लागू होते. म्हणून तो स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि शस्त्रक्रिया ठरली तर पंप, गोळी, पुडी यांपैकी जे काही घेतले असेल ते भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.