विष्णुदास भावे : परक्या प्रेक्षकांना जिंकणारा सांगलीकर

मराठी नाटकाचा आरंभ सांगलीत झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते नाटक कृष्णाकाठ सोडून मुंबईत गेले, तेथे इंग्रज, पारशी, गुजराती अशा परक्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले आणि तरले, ही कथा तितकीशी सांगितली जात नाही. आद्य नाटककार विष्णुदास भावे यांच्या आयुष्याचे खरे मोल तिच्यात आहे.

विष्णु अमृत भावे यांचे वडील सांगली संस्थानच्या लष्करात चाकरीला होते. शाळेत मुलाचे मन रमले नाही. गोष्टी रचून सांगणे आणि कळसूत्री बाहुल्या बनवणे यांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी हे गुण हेरले. १८४२ मध्ये उत्तर कर्नाटकच्या किनारपट्टीवरील भागवत मंडळींनी सांगलीत आपले खेळ केले. भाषा कानडी, शैली यक्षगानाची. राजेसाहेबांना खेळ आवडला, पण त्यातील ओबडधोबडपणा खटकला. तसेच काही, पण अधिक नेटके, मराठीतून करण्याची कामगिरी त्यांनी विष्णुपंतांवर सोपवली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ रंगले. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो.

म्हणजे भावे स्वतः आधी एका परभाषी कलेचे प्रेक्षक होते. त्या खेळातील काय घ्यायचे, काय गाळायचे आणि कशाला मराठी वळण द्यायचे, याचा विचार त्यांना पहिल्याच नाटकासाठी करावा लागला. सूत्रधाराने पदे म्हणावीत, विदूषकाने हसवावे, गणपती आणि सरस्वतीने रंगमंचावर अवतरावे, राक्षसांनी आरडाओरडा करीत प्रवेश करावा आणि पात्रांनी आयत्या वेळी सुचेल तसे भाषण करावे, असा हा साचा होता. शब्दांइतकाच तो गाणे, वेष आणि हालचाल यांवर उभा होता. पुढे हीच गोष्ट उपयोगी पडली.

नाटकात काम करणे त्या काळी प्रतिष्ठेचे नव्हते. सोंगे घेणाऱ्या तरुणांना समाजाचा रोष सोसावा लागे आणि त्यांच्या पाठीशी राजाचा आधार असे. १८४८ मध्ये शेजारचे सातारचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. सांगलीचे संस्थान टिकले, पण १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. कर्ज डोक्यावर होते आणि नटांचे संसार चालवायचे होते. दरबार गेला, तर प्रेक्षक शोधत फिरणे भाग होते. मंडळी दौऱ्यावर निघाली.

१८५३ च्या आरंभी ती मुंबईत पोहोचली. गिरगावात मराठी वस्तीत खेळ झाले, तोवर फारशी अडचण नव्हती. रामायणातील प्रसंग प्रेक्षकांना पाठ होते. कसोटी लागली ती ग्रँट रोडच्या नाट्यगृहात. हे नाट्यगृह जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये उभे राहिलेले, इंग्रजी नाटकांसाठी बांधलेले. वाड्याच्या चौकात चारी बाजूंनी माणसे बसलेली पाहण्याची सवय असलेल्या नटांना आता पडदा, प्रकाशयोजना आणि तिकीट काढून समोर बसलेले अनोळखी प्रेक्षक यांच्याशी जुळवून घ्यायचे होते. मार्च १८५३ मध्ये येथे प्रयोग झाले, तेव्हा प्रेक्षकांत युरोपीय स्त्री-पुरुषही होते.

या प्रेक्षकांना सीता कोण हे माहीत नव्हते आणि मराठी कळत नव्हते. देशी खेळ म्हणजे अश्लील धिंगाणा, असा त्यांच्यातील पुष्कळांचा ग्रहही होता. त्यामुळे इंग्रजी वृत्तपत्रातील जाहिरातीत कथानक प्राचीन अभिजात ग्रंथातील असल्याचे आणि प्रयोगात असभ्य काही नसल्याचे आवर्जून सांगण्यात आले. परक्या माणसाला आधी विश्वास द्यावा आणि मग खेळ दाखवावा, ही शहाणीव त्यात दिसते. मूळ पौराणिक आख्यान, गायन आणि सोंगे मात्र भाव्यांनी सोडली नाहीत. पाहुण्यांसाठी त्यांनी आपल्या नाटकाला इंग्रजी अंगरखा चढवला नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र त्यांनी हट्ट धरला नाही. मुंबईतील मिश्र प्रेक्षकांसाठी त्यांनी ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदीतून सादर केले. सांगलीच्या मंडळींनी पन्नासच्या दशकात हिंदी रंगभूमीवर टाकलेले ते पाऊल आजही अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबर १८५३ मध्ये त्याच ग्रँट रोडवर पारशी नाटक मंडळीचा पहिला प्रयोग झाला. देशी भाषेतील नाटकाला पैसे मोजून प्रेक्षक येतात, हे तोवर सांगलीकरांनी दाखवून दिले होते.

पुढे भाव्यांनी नाटकमंडळीतून अंग काढून घेतले. त्यांची पन्नासहून अधिक आख्याने १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या पुस्तकात छापली गेली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत किर्लोस्करांच्या संगीत नाटकाने रंगभूमीचा नूर पालटला होता आणि राक्षसांच्या आरोळ्या थट्टेचा विषय झाल्या होत्या.

१९६० पर्यंत दक्षिण सातारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सांगली जिल्ह्याने मात्र त्यांची आठवण जपली. सांगलीतील नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि ५ नोव्हेंबरला दिले जाणारे विष्णुदास भावे गौरवपदक रंगकर्मी मानाचे समजतात. आज मराठी नाटके अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. समोर बसलेल्याला काय ठाऊक आहे ते आधी ओळखावे, त्याच्या शंका दूर कराव्यात, गरज पडल्यास भाषा बदलावी, पण आपले सत्त्व बदलू नये, हा धडा त्या प्रवासाच्या कितीतरी आधी कर्जात बुडालेल्या एका सांगलीकराने गिरवला होता.