बाप्तिस्म्यानंतरची चोवीस वर्षे

धर्मांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच दिवस उभा राहतो. अमुक तारखेला अमुक माणूस एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेला, नातलगांनी त्याचे नाव टाकले आणि गोष्ट संपली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या बाबतीतही आपण तोच दिवस धरून बसतो : १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. मला मात्र त्या दिवसापेक्षा पुढची चोवीस वर्षे अधिक मोलाची वाटतात. माणूस बदलतो तो पाण्याच्या शिंपणाने की त्यानंतरच्या झटण्याने, हा प्रश्न त्या वर्षांत दडलेला आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडिलांशी पटले नाही. मुलगा नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे नोकऱ्या धरायच्या आणि सोडायच्या, हाच क्रम झाला. स्वभाव तापट, हात सढळ, मन अस्वस्थ. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला नवा धर्म हवा असे त्यांना वाटे आणि त्या धर्माची तत्त्वेही त्यांनी मनाशी जुळवली होती. देशाच्या उद्धारासाठी झटणारा हा ब्राह्मण अशा वेळी ख्रिस्ताकडे वळला. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे काव्यावर बोलणे झाले, त्यातून धर्माचा विषय निघाला आणि उतरताना हाती ‘नव्या करारा’ची प्रत आली. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले ते कायमचे.

या निर्णयाची किंमत सर्वांत आधी मोजली ती लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. पदरात लहान मूल, भोवती सोवळे-ओवळे आणि लोकांच्या नजरा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझी सहानुभूती कित्येकदा टिळकांकडून निसटून त्यांच्याकडे जाते. ज्याला सत्य सापडले त्याने आपल्या माणसांना किती दुखवावे? काही वर्षांनी त्या परत आल्या, पण धर्म बदलला नव्हता. मनातली जातीची भिंत आधी पडली. बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. पतीने वाट पाहिली, बळजबरी केली नाही. तापट टिळकांच्या बाबतीत हे थांबणे मला लहान वाटत नाही.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी शिकवले, १९०४ मध्ये ते पाळक झाले. परंतु मंदिरातला ख्रिस्त त्यांना परक्या वेशात दिसू लागला. गाणी भाषांतरित, चाली विलायती. टिळकांनी त्याला मराठी घर दिले. अभंग, भजन, कीर्तन घेऊन ते उपासनेत शिरले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. ‘उपासना संगीता’त त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत आणि मराठी ख्रिस्ती मंडळी ती आजही गातात. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते.

इथे दुसरा कोणी थांबला असता. नाव होते, पगार होता, मान होता. टिळकांना मात्र ख्रिस्त अजून दूर वाटत होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य तिथे भाऊ म्हणून एकत्र यावेत, ही कल्पना. एकदा ब्राह्मण्य टाकलेल्या माणसाने आता मिशनची सुरक्षितताही टाकली. माझ्या मते हे त्यांचे दुसरे परिवर्तन आणि पहिल्याहून अवघड. पहिल्या वेळी लोकांनी त्यांना टाकले. या वेळी त्यांनी आपण होऊन सोडले.

दरबाराला बाळसे धरायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबले होते. पुढचे ६४ अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. त्यांच्याही निधनानंतर, १९३८ मध्ये, ते ग्रंथरूपाने आले.

टिळक संत झाले असे मी म्हणणार नाही. राग त्यांना शेवटपर्यंत येई, व्यवहार शेवटपर्यंत जमला नाही. पण आपण पोचलो असे या माणसाने स्वतःला कधी समजू दिले नाही. धर्म कोणताही असो, साधकाची ओळख याहून वेगळी ती काय असणार?