कॉर्बेटसाहेब आणि आखाड्यावरचा बिबट्या

गढवालातल्या रुद्रप्रयाग परिसरात १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षे दिवस मावळला की रस्ते ओस पडत. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवरचे यात्रेकरू धर्मशाळेत दाटीवाटीने बसून रात्र काढीत आणि गावकरी दाराला आतून अडसर घालीत. तरीही बिबट्या यायचा. सुमारे पाचशे चौरस मैलांच्या मुलखात त्याने सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे माणसे मारली. एका कोंडवाड्यात चाळीस शेळ्या आणि त्या राखणारा एक पोरका मुलगा झोपला होता. बिबट्या शेळ्यांमधून वाट काढत गेला, एकीलाही न शिवता मुलाला घेऊन गेला. या बिबट्याला संपवणारे गृहस्थ म्हणजे जिम कॉर्बेट. आपण त्यांना शिकारी म्हणून ओळखतो. मला मात्र वाटते, बंदूक हा त्यांच्या आयुष्याचा लहानसा भाग होता.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. घर लेकुरवाळे, मिळकत बेताची. जिम सहा वर्षांचे होण्याआधीच वडील वारले आणि आईने मोठ्या हिमतीने संसार ओढला. हिवाळ्यात कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरे. तिथल्या रानात या पोराने पाखरांचे आवाज, मातीवरचे माग आणि वानरांच्या हाकांचे अर्थ पाठ केले. घरची गरज म्हणून अठराव्या वर्षाच्या आसपास त्यांनी रेल्वेची नोकरी धरली आणि पुढे बिहारात गंगाकाठी मोकामा घाटावर मालाची चढउतार करण्याचे कंत्राट घेतले. वीसहून अधिक वर्षे ते तिथे राहिले.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे असेल, पण मला त्यांच्या चरित्रातले हे पान फार आवडते. सुरुवातीला रेल्वेकडून पैसे यायला उशीर झाला, तरी मजूर काम सोडून गेले नाहीत. कारण साहेब स्वतः त्यांच्याबरोबर हातात फावडे घेऊन कोळसा उपसत होता. पुढे नफा झाला तेव्हा त्याने तो मजुरांत वाटला. स्टेशनवरचे रामसरन यांच्यासह कॉर्बेटनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. वरच्या आणि खालच्या जातीची मुले एका झोपडीत बसू शकत नाहीत, पण एका छपराखाली बसायला हरकत नाही, असे निघाले. मग भिंतीच काढून टाकल्या! झोपडीचे छप्पर झाले आणि शाळा सुरू झाली.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. जाण्यापूर्वी त्यांनी दोन अटी घातल्या : बक्षीस रद्द करा आणि इतर शिकाऱ्यांना माघारी बोलवा. पैशासाठी बंदूक उचलणाऱ्यांत त्यांना आपले नाव नको होते. १९१० मध्ये त्यांनी पनारचा बिबट्या टिपला. त्याचे बळी सुमारे चारशे होते.

रुद्रप्रयागचा बिबट्या माणसावर का उलटला, याचे कॉर्बेटनी दिलेले कारण विचार करायला लावणारे आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत इतकी माणसे मेली, की रीतसर दहन करायला हात उरले नाहीत. मृताच्या तोंडात निखारा ठेवून प्रेत दरीत लोटले जाई. बिबट्या मेलेलेही खातो; तिथे त्याला चटक लागली. म्हणजे आधी घडी माणसाची मोडली होती, जनावराची नंतर.

१९२१ मध्ये हा बिबट्या एका गुहेत कोंडला गेला होता. तोंडाशी काटेरी फांद्या लावल्या आणि बघ्यांची पाचशेची गर्दी जमली. पाचव्या दिवशी एका वजनदार गृहस्थाने आत काही नाहीच, असे ठरवून काटे बाजूला केले. बिबट्या गर्दीतून सुसाट पळाला आणि आणखी पाच वर्षे माणसे मरत राहिली. १९२५ मध्ये कॉर्बेटनी दहा आठवडे त्याचा माग काढला. थकून परतले, पुढल्या वर्षी पुन्हा आले. गुलाबराय इथल्या आंब्याच्या झाडावर त्यांनी लागोपाठ दहा रात्री काढल्या. अकराव्या रात्री, १९२६ च्या मे महिन्याच्या आरंभी, खाली बांधलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली, टॉर्चचा झोत पडला आणि एक गोळी सुटली. सकाळी दिसला तो एक म्हातारा नर, तोंडावरचे केस पांढरे झालेला.

कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी १९१५ मध्ये विकत घेतले होते. रानडुकरांपासून पिके वाचवण्यासाठी त्यांनी गावाभोवती दगडी भिंत बांधली. जमीन कुळांना कसायला दिली. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले, तरी गावकऱ्यांचा शेतसारा मरेपर्यंत तेच भरत होते. देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये झाले, त्यामागे त्यांची धडपड होती. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले.

हे सारे आज आठवायचे कारण आपल्याच दारात आहे. हिंगोली परभणी जिल्ह्यात होते तेव्हापासून पीककर्जाच्या निमित्ताने मी या भागातले आखाडे पाहिले. तेव्हा वाघरू ही शेकोटीभोवतीची गोष्ट होती. आता औंढा, कळमनुरी, सेनगावकडून बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०१९ मध्ये तर टिपेश्वरचा एक तरुण वाघ हिंगोली जिल्ह्यातून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्या सुमारे तेराशे किलोमीटरच्या प्रवासात एक माणूस जखमी झाला, तोही तो झुडपात विसावलेला असताना लोक जवळ गेले म्हणून.

रात्रीच्या पाळीत लाईट आली की पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या सालगड्याची भीती खोटी नाही. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात लेकरे गेली आहेत. पण तिथलाच धडा असा, की २००१ नंतर पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तेव्हा हल्ले कमी न होता वाढले, असे विद्या अथ्रेया यांच्या अभ्यासात दिसले. म्हणून आधी गोठ्याला भक्कम दार, अंधारात पोरांना एकटे न पाठवणे, रानात बोलत-गात चालणे आणि जनावर दिसले तर गर्दी न करता वनखात्याला कळवणे. त्यांच्या मदतवाहिनीचा क्रमांक १९२६ आहे. रुद्रप्रयागचा बिबट्या पडला तेच साल, म्हणून लक्षात राहील.

कॉर्बेटनी नरभक्षकाला दया दाखवली नाही, पण प्रत्येक बिबट्याला नरभक्षकही ठरवले नाही. हा फरक करायला बंदूक लागत नाही. माग नीट वाचावा लागतो, आणि तोवर धीर धरावा लागतो.