देश गेला, घड्याळ चालू राहिलं

रात्री जेवणं झाली की आजोबा मनगटावरचं जुनं एचएमटी काढतात आणि त्याला चावी देतात. चावी कसली, बाजूची बारीक गोल कळ दोन बोटांत धरून फिरवायची. किल्ली कुठेच दिसत नाही, तरी आपण चावी देणं का म्हणतो, हे कोडं मला लहानपणापासून होतं. गेल्या पावसाळ्यात ते घड्याळ बंद पडलं म्हणून मी धारवाडला सुभाष रोडवर एका घड्याळवाल्या काकांकडे नेलं, तेव्हा उलगडा झाला. पूर्वी खिशातल्या घड्याळांना खरोखरच वेगळी किल्ली असायची. घड्याळ उघडून ती भोकात घालून फिरवायची. किल्ली हरवली की घड्याळ अडलं. पुढे किल्ली गेली, पण शब्द मराठीत राहिला.

ती किल्ली घालवणाऱ्या कारागिरांचा शोध घेता घेता मी ज्या माणसापर्यंत पोचले, तो कारागीर नव्हताच. त्याचं नाव आंतोनी पातेक. आज जगातल्या सगळ्यात महागड्या घड्याळांत ज्याचं नाव घेतात त्या पटेक फिलिप कंपनीतले पटेक ते हेच.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या धारवाडकरांना आधी बासेल मिशनची शाळा आठवते. ते मिशन 1837 साली इथे आलं. जवळपास त्याच सुमारास, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिनिव्हामध्ये, एक पोलिश निर्वासित पोट भरायचा मार्ग शोधत होता.

पातेक यांचा जन्म 1812 सालचा, लुब्लिन शहराजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा पोलंड नावाचा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1772, 1793 आणि 1795 अशा तीन खेपांत तो वाटून घेतला होता. वडील गेले आणि सोळाव्या वर्षी मुलगा घोडदळात भरती झाला. नोव्हेंबर 1830 मध्ये वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव झाला, त्यात ते लढले आणि दोनदा जखमी झाले. शौर्याबद्दल त्यांना व्हिर्तुती मिलितारी हा पोलंडचा मोठा सन्मान मिळाला. पण तोवर उठाव चिरडला गेला होता. पदक हातात आणि देश परक्याच्या ताब्यात, अशी गत. वय एकोणीस.

मग हजारो पोलिश सैनिक जर्मन राज्यांतून पायपीट करत फ्रान्सकडे निघाले. या लोकांना वाटेत मदत करण्याचं काम पातेक यांनी बांबेर्ग शहराजवळ केलं. नंतर ते स्वतः फ्रान्समध्ये आले आणि छापखान्यात खिळे जुळवायला लागले. तिथेही फार काळ टिकता आलं नाही. शेवटी जिनिव्हा गाठलं. तिथे त्यांनी दारूचा व्यापार करून पाहिला, चित्रकला शिकून पाहिली.

इथे मी वाचता वाचता थांबले. मी आज एकवीस वर्षांची आहे. या वयात पातेक यांच्याकडे ना देश होता, ना घर, ना हातात एखादी कला. साहित्य शिकून पुढे काय करणार, असं मला दर रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात कुणीतरी विचारतंच. मग मी उगाच हसते आणि विषय बदलते.

पातेक यांना चित्रांची नजर होती आणि व्यापाराची जाण होती. जिनिव्हा घड्याळांचं शहर. त्यांनी तयार यंत्रं विकत घेऊन ती सुंदर पेट्यांत बसवून विकायला सुरुवात केली. 1839 मध्ये फ्रान्चिशेक चापेक या घड्याळजीबरोबर भागीदारी केली. चापेक मूळचे चेक, पण तेही पोलिश उठावातलेच निर्वासित. पाचसहा कामगार आणि वर्षाला साधारण दोनशे घड्याळं, एवढाच पसारा. गिऱ्हाईक बरंचसं परागंदा पोलिश लोकांचं. म्हणून त्या घड्याळांवर पोलंडचे वीर असत, सेनानी कोश्चुश्कोचं चित्र असे, चेन्स्तोहोव्हाची मरियामाता असे. देशात परत जाता येत नव्हतं, पण देश खिशात घालून फिरता येत होता. आमच्या घरी वेलंकणी मातेचं चित्र दाराच्या वर लावलेलं आहे. त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही.

1844 साली पॅरिसच्या प्रदर्शनात पातेक यांनी एक पातळ घड्याळ पाहिलं. त्याला किल्ली नव्हती. बाजूची कळ फिरवली की चावी बसायची आणि काटेही त्याच कळीने लावता यायचे. बनवणारे होते आद्रियाँ फिलिप, एक फ्रेंच कारागीर. पातेक यांनी त्यांना बोलावून घेतलं. 1845 मध्ये चापेक यांच्याशी करार संपला, फिलिप आले आणि 1851 पासून कंपनीच्या नावात त्यांचं नाव जोडलं गेलं. त्याच वर्षी लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने त्यांचं घड्याळ घेतलं. पातेक स्वतः अमेरिकेपर्यंत बाजारपेठ शोधत फिरले.

चापेक यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. त्यांनी पुढे फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यासाठी घड्याळं बनवली, तरी त्यांचं नाव मागे पडलं. धंद्यात असं होतं, असं म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही.

पैसा आला तरी पातेक पोलंडला विसरले नाहीत. निर्वासितांना मदत करत राहिले. त्यांच्या कॅथलिक कार्याबद्दल पोप नववे पायस यांनी त्यांना काउंट ही पदवी दिली. 1863 मध्ये पोलंडमध्ये पुन्हा उठाव झाला आणि तोही फसला. 1 मार्च 1877 रोजी पातेक जिनिव्हात वारले. पोलंड स्वतंत्र झाला 1918 साली, त्यांच्यामागे एक्केचाळीस वर्षांनी. कंपनी 1932 मध्ये स्टर्न बंधूंनी घेतली. ते आधी तिला तबकड्या पुरवायचे. नाव मात्र आजही तेच आहे.

आम्ही मूळचे खानापूरकडचे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी. आपलं नक्की गाव कुठलं, असा प्रश्न मलाही पडतो. पातेक यांचं दुःख फार मोठं होतं, त्याच्याशी माझी बरोबरी नाही. पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. देश स्वतंत्र होईपर्यंत ते काम थांबवून बसले नाहीत, आणि काम करताना देश लपवलाही नाही. स्वतःला येत नव्हतं ते ज्याला येतं त्याला शोधलं आणि त्याचं नाव आपल्या नावाशेजारी लावलं.

काकांनी घड्याळ दुरुस्त करून दिलं. आजोबांची बोटं आता थरथरतात, म्हणून चावी द्यायचं काम माझ्याकडे आलंय. रोज रात्री, साधारण त्याच वेळेला. येत्या रविवारी कुणी विचारलं तर मी विषय बदलणार नाही, एवढं ठरवलंय.