काटेरी तारांमागचा वाद्यवृंद

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास शिकताना आपण सेनापतींची नावे आणि लढायांच्या सनावळ्या पाठ करतो. त्या इतिहासात मला आल्मा रोझे या व्हायोलिनवादक स्त्रीचे चरित्र भेटले, आणि ते मनातून जाईना.

आल्माचा जन्म १९०६ साली व्हिएन्ना येथे ज्यू वंशाच्या कुटुंबात झाला. वडील आर्नोल्ड रोझे हे व्हिएन्ना फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदाचे अनेक दशके प्रमुख व्हायोलिनवादक होते. आई जुस्टीन ही थोर संगीतकार गुस्टाव माहलर यांची बहीण. आल्माने १९३२ मध्ये केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद काढला व युरोपभर कार्यक्रम केले.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि वृद्ध वडिलांचे पद गेले. बापलेकींनी १९३९ मध्ये लंडन गाठले. तिथे खर्चाची तोंडमिळवणी होईना, म्हणून आल्मा कार्यक्रमांसाठी हॉलंडला गेली. पण मे १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही येऊन धडकल्या. पुढे फ्रान्समार्गे निसटताना ती पकडली गेली आणि जुलै १९४३ मध्ये आउश्विट्झच्या छळछावणीत पोचली.

जवळच्या बिर्केनाऊ छावणीत स्त्री कैद्यांचा एक वाद्यवृंद होता. सकाळी कामावर निघणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या कैद्यांसाठी फाटकाशी कूचगीते वाजवायची, हे त्याचे काम. ऑगस्टमध्ये आल्मा त्याची प्रमुख झाली. वादक बहुतेक कोवळ्या पोरी, पुष्कळशा नवशिक्या. वाद्ये म्हणजे मेंडोलिन, गिटार, अकॉर्डियन, जी मिळाली ती. आल्मा त्या वाद्यांसाठी स्वरलेखन नव्याने करी, तासन्‌तास सराव घेई, चुकणारीला कठोर शिक्षा करी. कारण वाद्यवृंद मोडला तर पोरींना गॅसच्या कोठडीचा रस्ता होता. त्याच सुरांच्या बळावर तिने त्यांच्यासाठी शेगडी असलेली बराक मिळवली.

मारेकऱ्यांपुढे वाजवणे योग्य होते काय, असा प्रश्न मलाही पडला. परंतु ज्यांच्यापुढे दुसरी वाट मरणाची होती, त्यांचा न्याय आपण सुरक्षित वर्गखोलीत बसून कसा करणार?

एप्रिल १९४४ मध्ये आल्मा अचानक आजारी पडली आणि छावणीतच वारली. वय अवघे ३७. वडील १९४६ मध्ये लंडनला निवर्तले. तिच्या बहुतेक वादक मात्र युद्धातून वाचल्या. त्यांतली चेलोवादक अनिता लास्कर पुढे इंग्लंडमध्ये नामवंत वादक झाली.

कलेने पोट भरत नाही, असे आमच्या घरी म्हणतात. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. घरच्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे, मी ते खोडत नाही. पण कलेने जीव वाचल्याचा हा दाखला मी त्यांना सांगणार आहे.